साहेबांची बोटं

पळसकोट नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून चिंचणीकरबाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी, म्हणजे भाषणं व्हायचीच. जलअभियंता रणदिवे साहेब म्हणाले की बाई म्हणजे आमच्या विभागाचा उजवा हात होत्या. निरोप समारंभात असं बोलायची पद्धतच असते. साहेब त्या दिवशी किती खरं बोलून गेले, हे कळायला तीन आठवडे लागले.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी साहेबांनी श्रीरंग कुंभोजकरला बोलावून घेतलं. श्रीरंग विभागाचा नेटवर्क तंत्रज्ञ. कंत्राटी, पण सात वर्षं तिथेच चिकटलेला. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचं फोल्डर रुसलं, की श्रीरंगच्या नावाचा पुकारा व्हायचा. साहेबांच्या पडद्यावर ‘मात्रा तपासावी’ अशी पिवळी पट्टी आली होती, आणि क्लोरीनची ती मात्रा जिथे भरायची, पण बाई गेल्यापासून ज्याला कुणी हात लावला नव्हता, ते ‘शुद्धजल’ नावाचं सामायिक फोल्डर उघडत नव्हतं. साहेब दोन ओळी टंकत होते आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं: ‘ही हस्तलय या खात्याची नाही. प्रवेश नाही.’

पासवर्डांचा जमाना संपून तेव्हा चार वर्षं झाली होती. लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवायचे, एकमेकांना फोनवर ओरडून सांगायचे, म्हणून सरकारी कचेऱ्यांत हस्तलय आली. कल्पना साधी होती. प्रत्येक माणसाची टंकण्याची चाल वेगळी असते. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला बोटाला किती वेळ लागतो, कुठल्या जोडाक्षरापाशी हात घुटमळतो, चुकलं तर माणूस लगेच खोडतो की शब्द पुरा करून मागे येतो, कुठली फाईल आधी उघडतो, अशा तीनेकशे सवयी यंत्र सेकंदाचे हजार तुकडे करून मोजतं आणि त्यांचा एक ठसा बनवतं. तो शिकायला त्याला चाळीस दिवस लागतात. या शिकवणीनंतर तुम्ही नुसतं बसायचं आणि लिहायचं, यंत्र तुम्हाला ओळखतं. चोराला चोरण्यासारखं काही उरतच नाही. वयाबरोबर हात हळूहळू बदलतो, तेही त्याला कळतं. अचानक बदललेल्या हाताला मात्र ते दारात उभं करत नाही.

ज्यांनी हे बनवलं ते हुशार लोक होते. आपल्याकडे साहेब टंकत नाहीत, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रणदिवे साहेब कोंबडी दाणे टिपते तसं दोन बोटांनी टंकायचे. त्यामुळे रोज सकाळी दहाला चिंचणीकरबाई त्यांच्या खुर्चीवर बसायच्या, नमुन्यांचे आकडे आणि क्लोरीनची मात्रा भरायच्या, आणि साहेब समोर चहा घेत बसायचे. शिकवणीचे चाळीस दिवसही असेच गेले. शेवटी श्रीरंगने अर्ज भरला. ‘खातेदार स्वतः उपस्थित होते काय?’ या प्रश्नापुढे त्याने ‘होय’वर खूण केली. साहेब खोलीत होतेच की. सगळ्या कचेरीत असंच चाललं होतं, मग मांजरीच्या गळ्यात घंटा त्यानेच का बांधायची?

थोडक्यात, यंत्राच्या लेखी ‘रणदिवे’ म्हणजे बाईंची बोटं होती, आणि ती बोटं शाल-श्रीफळ घेऊन घरी गेली होती. श्रीरंगला हे पहिल्या मिनिटाला कळलं. तरी त्याने दिवसभर ठरलेले सगळे उपचार केले. संगणक बंद करून चालू केला. जुन्या जपून ठेवलेल्या ओळखी पुसल्या. फोल्डरची जोडणी तोडून पुन्हा जोडली. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, परवानगीच्या यादीत साहेबांचं नाव आहे ना ते पाहिलं. नाव होतंच. नावाचा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी त्याने हळू आवाजात साहेबांना खरं कारण सांगितलं. नव्याने शिकवणी मागायची तर ‘हात का बदलला’ याचा खुलासा वरच्या कार्यालयाला द्यावा लागणार होता, आणि दुसऱ्याच्या नावाने काम करणं-करवणं हा कायद्याने गुन्हा झाला होता. साहेब गेले असते, बाई गेल्या असत्या, आणि त्या खुणेपायी श्रीरंगही गेला असता.

“दोन दिवस बघू,” साहेब म्हणाले. “मशीन चालू आहे ना? मग झालं.”

मशीन चालू होतं हे खरंच. मात्रा देणारा पंप दर तासाला फोल्डरमध्ये डोकावायचा आणि तिथे लिहिलेला आकडा पाळायचा. नवा आकडा नसला तर जुनाच. बाईंनी जानेवारीच्या स्वच्छ पाण्याला दिलेली मात्रा तो इमानदारीत देत होता. पण त्या सोमवारी पहाटेपासून वरच्या धरणाच्या तळाचा दरवाजा गाळ काढायला उघडला होता. नदीत तो सगळा गाळ आणि काठच्या डबक्यांत साठलेली घाण उतरली होती. क्लोरीनचं असं असतं की ते आधी घाणीवर खर्च होतं. त्यातून जे शिल्लक उरतं, तेच नळापर्यंत जाऊन जंतू मारतं. घाण तिप्पट झाली आणि मात्रा तीच राहिली, तर शिल्लक शून्य. पूर्वी पंपाला हाताने फिरवायचं चाक होतं. त्याला आता सील होतं, आणि सील तोडलं तर लेखी कारण द्यावं लागायचं. म्हणजे पुन्हा तेच.

मंगळवारी दुपारी बाईंचा श्रीरंगला फोन आला. त्या कचेरीत कालपासून फोन करत होत्या आणि कुणी धड उत्तर देत नव्हतं. “घरी ये. दाखवायचंय,” एवढंच त्या म्हणाल्या.

बाईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर काचेच्या तीन नळ्या ओळीने उभ्या होत्या. नळाच्या पाण्यात औषधाचे चार थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. निवृत्त झाल्या तरी बाईंची ही सवय सुटली नव्हती, रोज सकाळी त्या आपल्याच नळाची परीक्षा घ्यायच्या. तिन्ही नळ्यांतलं पाणी जसंच्या तसं होतं. पिवळेपणाचा मागमूस नव्हता.

“कालची, आज सकाळची आणि आत्ताची,” बाई म्हणाल्या. “फोल्डर उघडत नाही ना साहेबांना? मला वाटलंच होतं. मी येते, आत्ता बसते.”

श्रीरंग म्हणाला, साहेब नको म्हणतात. दाराशी कॅमेरा आहे, निवृत्त माणूस आत आलेला दिसला तर पंचाईत.

“मग सील तोडा. तेही जमत नसेल तर रिक्षावर भोंगा लावा आणि पाणी उकळून प्या म्हणून गावाला सांगा. अरे, बावीस हजार माणसं पितात हे पाणी.”

साहेबांशी बोलतो, असं म्हणून तो उठला. खरोखर बोललाही. साहेब म्हणाले, उद्या जिल्ह्याच्या बैठकीतून येतो आणि मग बघतो. भोंग्याचं नाव काढताच ते म्हणाले की गावभर बोंब कशाला, उगाच हात दाखवून अवलक्षण. श्रीरंगने वाद घातला नाही. आपण वाद घालायचा प्रयत्न केला, असं तो पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगणार होता. पण नव्हता घातला.

एक गोष्ट मात्र त्याने केली. घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं की आजपासून प्यायचं पाणी उकळून घ्यायचं. आईने विचारलं, का रे? तो म्हणाला, उन्हाळा लागतोय, आणि उर्मी आहे ना घरी.

उर्मिला त्याची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सातवा महिना चालू होता. दिवसभर ती ओसरीवर पाय पसरून बसायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची आणि दादाला तोंडावर ‘फोल्डरवाले’ म्हणायची. वडील गेल्यावर श्रीरंगनेच तिला शिकवलं, तिचं लग्न लावलं. तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. आईने मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, आणि श्रीरंगला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. आपलं घर तरी वाचलं. माणसाला असं वाटतं आणि त्यात त्याला काही वावगंही दिसत नाही.

बुधवारी तीन वाजता तो जेवायला घरी आला तर घरात कुणी नव्हतं. पलीकडच्या शैलावहिनी गुरवांच्या अंगणातून बायकांची गाणी ऐकू येत होती. गल्लीतल्या बायकांनी मिळून उर्मीचं डोहाळजेवण केलं होतं. माहेरवाशिणीचं डोहाळजेवण एकट्या आईने करायचं नाही, शेजारणींनीही आपापल्या घरी बोलवायचं, अशी त्या गल्लीची जुनी रीत. हे त्याला माहीत होतं. उकळायला सांगताना मात्र ते डोक्यात आलं नव्हतं.

तो शैलावहिनींच्या दारात जाऊन उभा राहिला. उर्मी हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसली होती. अंगावर मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने होते, मांडीवर खणा-नारळाची ओटी होती. शैलावहिनी मोठ्या घागरीतून सगळ्यांना कोकम सरबत देत होत्या. पंधरा-वीस बायका, त्यांच्या कडेवरची पोरं. शैलावहिनींची धाकटी जाऊ पेले विसळत होती. तिलाही चौथा महिना होता.

उर्मीच्या हातात भरलेला पेला होता.

नको पिऊ, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण ते बोलल्यावर वीस बायका ‘का?’ म्हणून विचारणार होत्या. त्या वीस ‘का’ची उत्तरं त्याने मनातल्या मनात देऊन पाहिली. प्रत्येक उत्तर फिरून त्या अर्जावरच्या खुणेपाशी येत होतं. मग त्याने स्वतःला समजावलं की पाणी दोन दिवस सगळेच पितायत, कुणाला काही झालेलं नाही, आणि हा पेला म्हणजे शेवटी एक पेला.

“उर्मी, चल घरी. ऊन लागेल,” तो म्हणाला.

बायका हसल्या. झोपाळ्यावर मांडव होता. “बघा, भावाला किती काळजी,” शैलावहिनी म्हणाल्या आणि त्यांनी त्यालाही पेला पुढे केला. त्याने घाई आहे म्हणून हात जोडले. उर्मीने त्याच्याकडे पाहून जीभ दाखवली आणि घटाघटा पेला रिकामा केला.

तिथून तो धावतच कचेरीत गेला. साहेब नुकतेच बैठकीतून परतले होते. आज बाईंना आणलं नाही तर मी स्वतः सील तोडतो, असं तो त्यांना म्हणाला. सात वर्षांत त्याचा असा आवाज साहेबांनी ऐकला नव्हता. पाच वाजता, शिपाई गेल्यावर, बाई मागच्या दाराने आल्या. साहेबांच्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि एक ओळ टंकली.

‘नमस्कार, रणदिवे साहेब,’ पडद्यावर अक्षरं आली. फोल्डर उघडलं.

बाईंनी आधी मात्रा तिपटीने वाढवली. मग मापकाने आपोआप नोंदवलेले मागचे आकडे पाहिले. शिल्लक क्लोरीन सोमवारी सकाळी सात वाजता शून्यावर गेलं होतं आणि अठ्ठावन्न तास तिथेच होतं. आता तरी गावाला सांगा, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी खिडकी लावून घेतली.

“काय सांगू? चार वर्षं माझ्या नावाने तुम्ही बसत होता, हे सांगू? पहिला गुन्हा तुमचा निघेल बाई, दुसरा माझा, तिसरा याचा. आता मात्रा वाढली ना? विषय संपला.”

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी श्रीरंगकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं. तेरी भी चूप, मेरी भी चूप, असा तो कारभार झाला. तक्रारवहीत श्रीरंगने लिहिलं: ‘फोल्डर प्रवेशाची अडचण दूर केली.’

पंधरा दिवस काही झालं नाही. तीन आठवडे काही झालं नाही. श्रीरंग जेवायला लागला, झोपायला लागला.

पण काविळीचा एक प्रकार असा आहे की त्याचा विषाणू घाणीच्या पाण्यातून पोटात जातो आणि चार ते सहा आठवडे यकृतात मुकाट्याने वाढत राहतो. धडधाकट माणूस महिनाभर पिवळा होतो आणि बरा होतो. गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, तो झाला तर चार-पाचांतली एक वाचत नाही. असं का होतं, हे इतक्या वर्षांनीही डॉक्टरांना नीट उलगडलेलं नाही. मार्चच्या अखेरीस पळसकोटच्या दवाखान्यात पहिले अकरा रुग्ण आले. आठवड्याने ते तीनशे झाले. उर्मीच्या डोळ्यांत पिवळेपणा प्रथम आईलाच दिसला.

तिला जिल्ह्याला हलवलं. नवरा नाशिकहून धावत आला. तिसऱ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं, हे तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. त्या दुपारी श्रीरंग एकटाच तिच्याजवळ होता. ती मध्येच बरळायची, मध्येच अगदी शुद्धीवर यायची.

“दादा,” ती म्हणाली, “तू पाणी उकळायला सांगितलंस, तेव्हा तुला काही माहीत होतं का रे?”

तिच्या विचारण्यात राग नव्हता. लहानपणी गणित अडलं की ती अशीच विचारायची.

“नाही गं,” तो म्हणाला. “उन्हाळा म्हणून सांगितलं.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली आणि तिने त्याचा हात थोपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गावात एकूण नऊ माणसं गेली. त्यांपैकी सहा गरोदर बायका होत्या. पाचव्या मृत्यूची बातमी ऐकून चिंचणीकरबाई बस पकडून एकट्याच जिल्हाधिकारी कचेरीत गेल्या आणि सगळं लिहून देऊन आल्या. आपण साहेबांच्या नावाने बसत होतो, अठ्ठावन्न तास क्लोरीन शून्य होतं, आपण गप्प राहिलो. अधिकाऱ्यांना खरं वाटेना, तेव्हा त्यांनी तिथल्याच संगणकावर एक ओळ टंकून दाखवली, आणि त्यानेही त्यांना रणदिवे साहेब म्हणून नमस्कार केला. चौकशी समिती बसली. साहेब निलंबित झाले. बाईंवरही गुन्हा दाखल झाला. त्या सोमवारपासून बुधवारपर्यंत गावाने क्लोरीनशिवायचं पाणी प्यायलं, हे तारखांसकट पेपरात छापून आलं.

त्या जबाबात श्रीरंगचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी ते मुद्दाम गाळलं होतं. ज्या घरातून तिरडी गेली त्या घरात आणखी पोलीस नकोत, असं त्यांना वाटलं असावं. समितीने त्याला फक्त तंत्रज्ञ म्हणून, माहिती द्यायला, पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. तिथे सगळं सांगून टाकायचं, असं तो रोज सकाळी ठरवत होता. दुपारपर्यंत त्याला वाटायचं, सांगून आता कोण परत येणार आहे?

उर्मीच्या पाचव्या दिवशी शेजारच्या बायका भेटायला आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शैलावहिनींनी पिठलं-भाताचा डबा आणला होता. त्यांचंही तोंड ओढलेलं होतं. धाकटी जाऊ अजून दवाखान्यात होती, मूल राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. बायका भिंतीला टेकून बसल्या. श्रीरंग दाराजवळ पाटावर होता.

आई रडत नव्हती. तिला बोलायचं होतं. आपल्याकडून काही कमी पडलं का, हे ती पाच दिवस तपासत होती, आणि जो येईल त्याच्यापुढे पुन्हा तपासत होती.

“आम्ही तर पाणीसुद्धा उकळून देत होतो तिला,” आई म्हणाली. “श्रीरंगने बजावलंच होतं मला. खोटं नाही सांगत, थेंबभर कच्चं पाणी प्यायली नाही ती घरात. तरी कसं झालं सांगा.”

कुणीतरी चुकचुकलं. शैलावहिनींनी मात्र मान वर केली.

“कधीपासून उकळत होता काकू?”

“डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशीपासून,” आई म्हणाली. “मंगळवार होता. चांगलं आठवतंय मला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायचं म्हणून ओटीचे तांदूळ निवडत होते, आणि हा कामावरून आला तो चपला काढायच्या आधी मला म्हणाला.”

बायकांपैकी प्रत्येकजणी मनातल्या मनात दिवस मोजत होती. आईला काही कळलं नाही. ती पातेलं किती मोठं होतं ते सांगत राहिली.

“भाऊजी,” शैलावहिनी म्हणाल्या, “तुम्ही आला होता त्या दिवशी. दारात उभे होता.”

श्रीरंगने हो म्हणून मान हलवली.

“माझ्या हाताने दिलं मी सरबत. तिला दिलं, माझ्या जावेला दिलं. इतके दिवस मी माझ्याच हाताला शिव्या देतेय.” त्यांचा आवाज चढला नाही. “तुम्हालाही पेला पुढे केला होता मी. तुम्ही घेतला नाही.”

“नाही घेतला,” श्रीरंग म्हणाला.

त्या उठल्या. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या, पदर सावरत, कुणाकडे न बघता. शैलावहिनींनी मध्ये ठेवलेला डबा उचलला आणि काखेत धरला.

“अगं शैला, डबा कशाला नेतेस?” आई म्हणाली. “श्रीरंग, तू तरी सांग की तिला.”